आलेख शिकवायला टच पॅनल: वर्षभर दुसरीच्या वर्गात वापरून झाल्यावर लिहितेय

पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर डोळे झाकून पाचपैकी पाच दिले असते. नवीन पॅनल आला की मुलं अशी खूश असतात की आपल्यालाही वाटतं आता काय, सगळं आपोआप शिकतील. म्हणून मुद्दाम थांबले. आता अख्खं वर्ष झालं, ७५ इंची टच पॅनल, त्याच्याबरोबर आलेलं लहान मुलांसाठीचं आलेखांचं ॲप आणि समोर ३२ मुलं, सहा-सात वर्षांची. चित्रालेख, ताळ्याच्या खुणा (मोजताना मारायच्या रेघा, पाचवी आडवी), स्तंभालेख, सगळं यावर करून झालं. कंपनीचं नाव लिहीत नाहीये, कारण ज्या गोष्टी सांगणार आहे त्या बऱ्याच ॲप्समध्ये अशाच असतात आणि मला नाव खराब करायचं नाही, वापरणाऱ्यांना कामाचं सांगायचंय.

सुरुवात एका प्रसंगापासून करते कारण वर्षभर मी त्याच प्रसंगाच्या भोवती फिरत राहिले.

ॲपमध्ये मतदानाची सोय आहे, प्रत्येक मुलाच्या हातात एक छोटा क्लिकर द्यायचा, प्रश्न स्क्रीनवर, मुलं बटण दाबतात आणि स्तंभ आपोआप वर चढतात. मी विचारलं आवडता रंग कुठला. तीन-चार सेकंदात अख्खा स्तंभालेख तयार, रंगीत, नीटनेटका, वर आकडे पण लिहिलेले. वर्गात नुसता आरडाओरडा, सगळे खूश. मग एक मुलगा उठून पॅनलपाशी आला, निळ्या स्तंभावर तळहात ठेवला आणि मला विचारलं, "टीचर, यात माझं कुठलं?" मी म्हटलं अरे हे सगळ्यांचं मिळून आहे, तुझंही आहे त्यात. तो स्तंभाकडे बघत राहिला आणि परत विचारलं, "पण मी किती नंबरवर आहे? खाली की वर?"

हा प्रश्न मला फार आवडला आणि तितकीच चिंताही वाटली. कारण त्याला निळा स्तंभ म्हणजे एक निळी पट्टी दिसत होती, त्यात अकरा मुलं आहेत हे दिसत नव्हतं. आपल्याला दिसतं कारण आपण वर्षानुवर्षं बघतोय. त्या दिवसापासून पॅनलवरच्या प्रत्येक सोयीला मी एकच प्रश्न लावला, की ही वापरल्यावर मुलाला आलेखात स्वतःची जागा सापडते का. सापडत असेल तर सोय चांगली, नसेल तर कितीही झगमगीत असू दे, बंद.

या हिशोबाने ॲपमधली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे ठोकळ्यांचा मोड. यात प्रत्येक मुलाचा एक ठोकळा असतो, त्यावर चित्र लावता येतं, मूल तो बोटाने ओढून आपल्या रकान्यात ठेवतं. आणि खाली एक सरकपट्टी आहे. ती हळूहळू सरकवली की आधी ठोकळ्यांवरची चित्रं फिकी होतात, मग नुसते रंगीत ठोकळे राहतात, मग ठोकळ्यांमधल्या रेघा पुसट होत जातात आणि शेवटी सलग स्तंभ उरतो. उलट सरकवली की सगळं परत येतं, रेघा येतात, ठोकळे येतात, चित्रं येतात. म्हणजे चित्रालेखाचा स्तंभालेख होताना मुलांना डोळ्यांनी दिसतो. कागदावर हे करता येत नाही हो, फळ्यावरही नाही. मी वीस वेळा तरी ती पट्टी पुढे-मागे केली असेल आणि प्रत्येक वेळी कुणीतरी "तो बघ मी, तो बघ मी" म्हणत पुढे यायचं. त्याच निळ्या स्तंभावाल्या मुलाने दोन दिवसांनी सलग स्तंभाच्या बरोबर चौथ्या उंचीवर बोट ठेवून सांगितलं की मी इथे आहे, आता दिसत नाहीये पण आहे. फक्त या एका सोयीसाठी मी कुणालाही सांगेन की घ्या.

पण हे पॅनलवर थेट सुरू केलं तर जमत नाही, हे मी ठामपणे सांगते. आधी जमिनीवर. आम्ही बुटांचा आलेख केला, लेसचे, व्हेलक्रोचे, बक्कलचे आणि नुसते पाय घालायचे असे चार प्रकार, प्रत्येकाने एक बूट काढून आपल्या प्रकाराच्या रांगेत ठेवायचा. मी मुद्दाम चौकटी आखल्या नव्हत्या. झालं काय की लेसवाले मोठ्या मापाचे होते आणि मुलांनी ते मोकळे मोकळे ठेवले, व्हेलक्रोवाले खेटून ठेवले, त्यामुळे लेसची रांग लांब दिसायला लागली आणि मोजल्यावर निघाले लेसचे नऊ आणि व्हेलक्रोचे बारा. अर्ध्या वर्गाचा विश्वास बसेना. मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजेने दाखवलंय ना, की समोर सारख्याच संख्येच्या दोन रांगा मांडल्या आणि एक रांग पसरवून लांब केली तर लहान मुलं म्हणतात त्यात जास्त आहेत, सहा-सात वर्षांच्या आसपास हे हळूहळू सुटतं, अगदी तेच डोळ्यांसमोर घडत होतं. मग एक मुलगी म्हणाली की फरशीच्या एका चौकोनात एकच बूट ठेवायचा, मोठा असू दे नाहीतर छोटा. तिने तो नियम स्वतः शोधला, मी सांगितला नाही.

आता हेच पॅनलवर केलं असतं तर ॲपने प्रत्येक बूट आपोआप एकाच मापाचा करून, खटकन चौकटीत बसवून दिला असता. ठोकळा रकान्याच्या जवळ नेला की तो स्वतःहून सरळ जाऊन बसतो, ही सोय पहिल्यापासून चालू असते. मुलाने काहीच चूक केली नाही म्हणून काहीच कळलं नाही, असं होतं. सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करता येते, पण तो पर्याय इतका आत दडवलाय की मला सापडायला महिना लागला. बंद केल्यावर मजा बघा, मुलं ठोकळे तिरके ठेवतात, एकावर एक चढवतात, एक रकाना मधूनच अधांतरी सुरू होतो, आणि मग बाकीची मुलं बसल्या जागेवरून ओरडतात की खालून सुरू कर, खालून! सगळे रकाने एकाच रेषेवरून सुरू व्हायला हवेत ही गोष्ट मी वर्षभरात एकदाही तोंडाने सांगितली नाही.

जमिनीवरचं आणि पॅनलवरचं जोडायला एक युक्ती सापडली. चौकोनात ठेवलेल्या बुटांचा मी एका बाकावर उभी राहून वरून फोटो काढला, पॅनलवर टाकला आणि फोटोवरच पारदर्शक ठोकळे ठेवायला सांगितले, एका बुटावर एक ठोकळा. मग फोटो हळूहळू फिका केला. बूट गेले, ठोकळे राहिले. वर्गात इतकी शांतता मी क्वचित ऐकलीये. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० च्या दशकात मांडलं होतं की मूल आधी हाताने करून शिकतं, मग चित्रातून, मग खुणांमधून. पुस्तकात वाचलेलं ते तिन्ही टप्पे मला त्या पाच मिनिटांत एकामागोमाग एक दिसले.

आता वस्तूबद्दल, म्हणजे प्रत्यक्ष पॅनलबद्दल. पहिला आणि सगळ्यात मोठा मुद्दा उंचीचा, आणि आश्चर्य म्हणजे याबद्दल विकणारे एक शब्द बोलत नाहीत. ७५ इंची पॅनलचा स्क्रीन साधारण १६६ सेंटीमीटर रुंद आणि ९३ सेंटीमीटर उंच असतो. आमचा भिंतीवर बसवताना मोठ्या माणसाच्या हिशोबाने बसवला, खालची कड जमिनीपासून जवळजवळ एक मीटरवर. माझ्या वर्गातली सगळ्यात छोटी मुलगी ११२ सेंटीमीटर आहे, हात पूर्ण वर करून तिचं बोट १३७ ला पोचतं, म्हणजे ९३ पैकी तिच्या वाट्याला आले खालचे ३७ सेंटीमीटर. आणि आलेख कुठे वाढतो? वर! रकाना जितका उंच होतो तितका पुढच्या मुलाचा ठोकळा हाताबाहेर जातो, मग ते मूल टाचा उंचावतं, उडी मारतं, शेवटी माझ्याकडे बघतं आणि मी ठेवून देते. म्हणजे ज्याचा ठोकळा त्याने ठेवायचा हा सगळा खेळच मोडला. पायरी ठेवून बघितली पण मागे सरकताना एक मुलगा पडता पडता वाचला, त्या दिवसापासून पायरी बंद. मग आडवे स्तंभ केले, डावीकडून उजवीकडे वाढणारे, आणि ते स्क्रीनच्या खालच्या भागात घेतले. बहुतेक पॅनलमध्ये अख्खं चित्र खालच्या अर्ध्यात उतरवायचं बटण असतं, ते शोधून ठेवा, ते फार कामाचं आहे. जमत असेल तर वर-खाली होणारा स्टँडच घ्या, स्क्रीन दहा इंच लहान घेतला तरी चालेल पण स्टँड हवा.

टचबद्दल. आमचा इन्फ्रारेडवाला आहे, म्हणजे फ्रेमच्या चारही कडांमधून न दिसणाऱ्या किरणांचं जाळं काचेच्या अगदी जवळून जात असतं आणि ते जिथे तुटेल तिथे स्पर्श झाला असं पॅनल समजतो. याचा फायदा असा की काहीही चालतं, बोट, पेन, हातमोजा, पेन्सिलची मागची बाजू. तोटाही हाच, की लांब बाही टेकली तरी तो स्पर्शच, रिबिनीचं टोक लागलं तरी स्पर्शच, मूल ठोकळा ओढतंय आणि दुसऱ्या हाताचा आधार काचेवर घेतलाय तर ठोकळा तिकडे उडी मारतो. मुलं काचेवर हात टेकवणारच ना, इतका मोठा स्क्रीन समोर असल्यावर. आम्ही "एक हात पाठीमागे" असा नियमच केला. कडांवर धूळ बसली की टच वेडावाकडा वागतो, आठवड्यातून एकदा कोरड्या मऊ फडक्याने कडा पुसल्या की ठीक होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पूर्वी प्रोजेक्टरवाला बोर्ड वापरलाय मी, त्यात हाताची सावली पडायची आणि दर दोन दिवसांनी चार कोपऱ्यांवर टिचकी मारून बोर्ड जुळवून घ्यावा लागायचा, ती कटकट इथे अजिबात नाही, ते खरंच सुख आहे.

ओढून नेणं हे लहान मुलांना वाटतं तितकं सोपं नाही. लांब ओढताना त्यांचं बोट मध्येच उचललं जातं आणि ठोकळा अर्ध्या वाटेत पडतो. तीनदा पडला की मूल रडवेलं होतं, आणि सगळा वर्ग बघत असतो. ॲपमध्ये दुसरी पद्धत आहे, ठोकळ्यावर टॅप करायचं आणि मग जिथे ठेवायचा तिथे टॅप करायचं. तीच वापरा, निदान पहिले दोन-तीन महिने.

आवाज तर आधी बंद करा. प्रत्येक ठोकळा ठेवला की टाळ्या वाजतात आणि तारे उडतात. माझी मुलं तारे बघायला ठोकळे उचलून परत परत ठेवायला लागली, कुठल्या रकान्यात ठेवतोय याकडे लक्षच नाही. चुकीच्या रकान्यात ठेवला तरी टाळ्या वाजतातच, कारण ॲपला काय माहीत कुणाला काय आवडतं.

आता दातांचा आलेख, हा मी जरा सविस्तर सांगणार आहे कारण यात पॅनलचं चांगलं आणि वाईट दोन्ही एकत्र दिसलं. या वयात मुलांचे दुधाचे दात पडत असतात, हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा विषय असतो, कोण कितवा दात दाखवतंय याची रोजची चर्चा. म्हणून प्रश्न घेतला, आत्तापर्यंत तुझे किती दात पडले. त्या दिवशी एक मुलगी आली नव्हती म्हणून ३१ मुलं.

ज्यांनी हे शिकवलंय त्यांना माहिती आहे की इथे मोठी अडचण येते. आवडत्या रंगात खाली रंगांची नावं आणि वर मुलांची संख्या, दोन्ही वेगळं. दातांमध्ये खालीही आकडे आणि वरही आकडे! "चार" वर आठ ठोकळे असतील तर मूल गोंधळतं, चार मुलांचे आठ दात की आठ मुलांचे चार दात. मी आधी थेट हाच आलेख केला आणि कुणालाच काही कळलं नाही, मग तो पुसला. (पुसून परत आधीच्या पायरीवर जाता येणं, ही पॅनलची खरी ताकद आहे, कागदावर हे केलं असतं तर तास गेला असता.)

दुसऱ्यांदा वेगळं केलं. प्रत्येक मुलाने आधी स्वतःचा एक छोटा मनोरा केला, जितके दात पडले तितके ठोकळे, खाली आपलं चित्र. नावं टाकली नाहीत, ॲप नावं मागतं पण मी मुलांची नावं कुठल्याच ॲपमध्ये टाकत नाही, प्रत्येकाचं एक चित्र ठरलंय, पतंग, छत्री, कासव असं. तर ३१ मनोरे रांगेत उभे राहिले, कुणाचा आठचा, कुणाचा दोनचा, आणि दोन चित्रांवर काहीच नाही. मग मी म्हटलं आता सारख्या उंचीचे मनोरे एका जागी गोळा करूया. मुलांनी एकेक करून ओढत नेले, सगळे चार-चारवाले एकत्र, सगळे सहा-सहावाले एकत्र. आणि मग प्रत्येक मनोरा दाबून त्याचं एकच चित्र केलं आणि ती चित्रं एकावर एक रचली. कासव कुठे गेलं, छत्री कुठे गेली हे सगळे बघत होते. या वेळी "चार वर आठ" म्हणजे काय हे विचारल्यावर एकीने सांगितलं, "ते आठ जण आहेत, आणि प्रत्येकाच्या तोंडात चार खिडक्या आहेत." इतकं स्वच्छ उत्तर मला मोठ्यांकडूनही मिळालं नसतं.

आकडे असे आले: एकही दात न पडलेले २, एकवाला १, दोनवाले ५, तीनवाले ४, चारवाले ८, सहावाले ७, सातवाला १, आठवाले ३. पाच कुणाचेच नाहीत.

आणि इथे ॲपने घोळ घातला. पाचवर कुणी नाही म्हणून त्याने पाचचा रकानाच काढून टाकला. चारच्या शेजारी थेट सहा. मला वाटतं मुलांच्या आलेखात याहून वाईट गोष्ट नसेल, कारण "पाचवर शून्य मुलं आहेत" ही पण एक माहितीच आहे, रिकामी जागा काहीतरी सांगत असते. मुलांनीच पकडलं, पुढच्या बाकावरून आवाज आला की टीचर पाच कुठे गेला? सेटिंगमध्ये शोधलं, रिकामा रकाना ठेवायचा पर्यायच नाही. शेवटी पाचवर एक खोटा ठोकळा ठेवला, त्याला पांढरा रंग दिला म्हणजे तो दिसणार नाही, आणि मुलांना खरं काय केलंय ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी गैरहजर असलेली मुलगी आली, दप्तर खाली ठेवायच्या आधी पॅनलकडे बघितलं, मनातल्या मनात दात मोजले आणि म्हणाली, "माझे पाच." सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या, पॅनलच्या नव्हे, खऱ्या.

आदल्या दिवशीचा आलेख जसाच्या तसा उघडतो, त्यात भर घालता येते, हा मात्र पॅनलचा मोठा गुण. फळ्यावरचं पुसावं लागतं.

आकड्यांच्या अक्षाबद्दल, म्हणजे कडेला आकडे लिहिलेल्या उभ्या रेघेबद्दल, एक गंभीर तक्रार. तीन गटांनी महिन्याभरात किती गोष्टींची पुस्तकं वाचली त्याचा स्तंभालेख केला, १८, २० आणि २१. ॲपने स्वतःच्या मनाने अक्ष १६ पासून सुरू केला. म्हणजे १८ वाल्यांचा स्तंभ दोन घरं उंच आणि २० वाल्यांचा चार घरं. १८ वाल्या गटातला एक मुलगा हिरमुसून म्हणाला की त्यांनी आमच्या डबल वाचली. फरक दोन पुस्तकांचा! स्तंभालेखात आपण लांबी बघून तुलना करतो, म्हणून स्तंभ शून्यापासूनच सुरू व्हायला हवेत, तिथे दुसरं काही चालत नाही. अक्ष हाताने बदलता येतो, मी बदलला, आणि दोन्ही आलेख शेजारी ठेवून मुलांना विचारलं कुठला खरा वाटतो. ती चर्चा छान झाली, पण लहान मुलांसाठी म्हणून विकलेल्या ॲपमध्ये हे पहिल्यापासून शून्यावर असायला नको का?

चित्रांच्या मापाचंही तसंच. प्राण्यांच्या चित्रालेखात हत्ती मोठा आणि उंदीर छोटा, चार हत्ती सहा उंदरांच्या वर गेले. बूट आठवा. आणि "एक चित्र म्हणजे दोन मुलं" असं प्रमाण घेतलं की एका मुलासाठी ॲप चेहरा अर्धा कापतं. दोन मुलं घाबरली होती खरोखर. तिथे चेहरे न घेता गोल किंवा चौकोन घ्या.

खाली कोपऱ्यात एक बटण आहे, दाबलं की स्तंभालेखाचा लगेच रेषालेख होतो, पुन्हा दाबलं की वर्तुळाचा. दिसायला छान, पण बुटांच्या आलेखावर ते बटण दाबून बघा, लेसच्या टोकापासून व्हेलक्रोच्या टोकापर्यंत तिरकी रेघ जाते. त्या रेघेवर मध्ये कुठेतरी बोट ठेवलं तर तिथे काय आहे? अर्धा लेस अर्धा व्हेलक्रो? काहीच नाही. स्तंभालेखाचा जन्मच मुळी यातून झालाय. १७८६ मध्ये विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश लेखकाने देशांच्या व्यापाराचे आलेख छापले तेव्हा बाकी ठिकाणी त्याच्याकडे अनेक वर्षांचे आकडे होते, म्हणून काळाबरोबर सरकणाऱ्या रेषा काढल्या, पण स्कॉटलंडचे एकाच वर्षाचे आकडे मिळाले, मग रेष कशाला जोडणार, म्हणून त्याने प्रत्येक देशाशी झालेल्या आयात-निर्यातीच्या पट्ट्या काढल्या. आकडे कमी पडले तिथून पट्टी आली. ॲप बनवणाऱ्यांनी हे बटण लहान मुलांच्या भागात ठेवायलाच नको होतं. वर्तुळालेखही नको, त्यात मुलाला स्वतःची जागा सापडतच नाही.

रेष जिथे शोभते तिथे मात्र पॅनलने कमाल केली. कुंडीत बी पेरलं, रोज रोपाच्या उंचीइतकी कागदाची पट्टी कापायची आणि भिंतीवर शेजारी शेजारी लावायची. पट्ट्यांचाच आलेख झाला. त्याचा फोटो पॅनलवर, प्रत्येक पट्टीच्या टोकावर एक ठिपका, मग ठिपके जोडले. मध्ये दोन दिवस सुट्टी होती, तिथे पट्ट्या नाहीत पण रेघ मात्र त्या जागेवरून गेली. लगेच प्रश्न आला, "सुट्टीत कुणी मोजलं?" मग अर्धा तास हीच चर्चा, की रोप सुट्टीत वाढत होतं का, किती वाढलं असेल, आणि ते आपल्याला माहीत आहे की आपण म्हणतोय.

गणित शिकवण्याच्या अभ्यासक फ्रान्सिस कर्सिओ यांनी १९८७ मध्ये आलेख समजण्याचे तीन टप्पे मांडले होते, आलेखात लिहिलंय ते वाचणं, त्यातल्या गोष्टींची तुलना करणं आणि त्याच्या पलीकडचं काढणं. ॲपमधले तयार प्रश्न सगळे पहिल्या दोन टप्प्यांवर अडकलेत, "लाल किती? सर्वात जास्त कुठला?" एवढंच. तिसऱ्या टप्प्याचा प्रश्न ॲपने वर्षभरात एकदाही विचारला नाही. ते तुम्हालाच विचारावं लागणार, पॅनल घेतला म्हणून ते काम कमी होत नाही.

वेळेचं पण सांगते. ३२ मुलं एकेक करून पुढे आली, प्रत्येकी वीस सेकंद धरले तरी दहा-अकरा मिनिटं, आणि तोपर्यंत बाकीची मुलं नुसती बसलेली. आमचा पॅनल एका वेळी वीस बोटं ओळखतो असं लिहिलंय, पण ॲप एका वेळी एकच ठोकळा हलू देतं, त्यामुळे त्या वीस बोटांचा उपयोग शून्य. म्हणून मी बसलेल्या मुलांना चौकटीचा कागद देते, पॅनलवर जो ठोकळा जाईल तो त्यांनी आपल्या कागदावर रंगवायचा. तास संपताना प्रत्येकाकडे स्वतःचा आलेख असतो. ताळ्याच्या खुणा तर मी आता कागदावरच करून घेते, कारण ॲपमध्ये नुसतं टॅप केलं की रेघ येते आणि पाचवी रेघ आपोआप आडवी पडते, आणि चार झाल्यावर थांबून पाचवी आडवी मारायची ही जी हाताला सवय लागायला हवी तीच लागत नाही.

बाकी खिडकीसमोर लावू नका, काचेत उजेड चमकतो आणि कडेला बसलेल्यांना फिके रंग दिसत नाहीत. वीज गेली की सगळंच बंद, कागदाची तयारी हाताशी ठेवा.

पाचपैकी साडेतीन देतेय. ठोकळ्यांची सरकपट्टी, फोटोवर ठोकळे ठेवणं आणि कालचा आलेख आज उघडता येणं, यासाठी साडेतीन. दीड कापला तो गायब होणारा रिकामा रकाना, १६ पासून सुरू होणारा अक्ष आणि आत दडवलेल्या सेटिंग्जसाठी. कंपनीला मी तिन्ही गोष्टी कळवल्यात, पुढच्या अपडेटमध्ये बघू म्हणालेत, तसं झालं तर इथे येऊन अर्धा वाढवेन.

तुम्ही डेमो बघायला जाणार असाल तर विकणाऱ्याच्या हातात पॅनल देऊ नका, तो सफाईनेच चालवणार. शक्य असेल तर सहा-सात वर्षांचं एक मूल बरोबर न्या. त्याला सांगा लांब बाहीच्या हाताने दहा ठोकळे रच. मग १८, २० आणि २१ टाकून अक्ष कुठून सुरू होतो ते बघा, एक रकाना रिकामा ठेवून तो टिकतो का बघा, आणि सगळं रचून झाल्यावर त्या मुलाला विचारा की यातला तुझा ठोकळा कुठला.